सीझनच्या तोंडावर फोन अपडेट करावा का?

पत्र असं आहे:

"नमस्कार. अक्कलकोट रोडला माझं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. सहा मशीन आणि आम्ही आठ बायका. सगळा धंदा एका फोनवर चालतो. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयवर, बिलं आणि साइझची स्टिकरं एका अॅपमधून ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर. फोन २०२१ ला घेतला, त्यात अँड्रॉइड ११ आहे. १३ चं अपडेट आलंय असं कधीपासून दाखवतंय, मी आपली 'नंतर' दाबते. माझ्या जावेच्या फोनला अपडेट केल्यापासून चार्जिंग दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही. नव्या पेठेतले दुकानदार म्हणतात, अपडेट करूच नका, कंपन्या जुने फोन मुद्दाम मारतात. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, आई, हा वेडेपणा आहे, आजच कर. सासूबाईंचा फोन तर अँड्रॉइड ९ वर आहे, त्याला आता काही येतच नाही. त्या विड्या वळायच्या. आता पेन्शन खात्यात येते, आणि मुलानंच त्यांना यूपीआय टाकून दिलंय. त्यांचा सगळा जीव व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या तेलुगू भजनांत. दुकानदार म्हणतात, पाचशे रुपयांत त्यावर नवं व्हर्जन मारून देतो. मार्चपासून आमचा सीझन सुरू होतो. काय करू? जुन्यावरच राहू का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या फोनला अपडेट करा. पण आज नको, आणि मार्चमध्ये तर नकोच. आपल्या सोलापुरात होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला की फेब्रुवारीत, हाताशी काम कमी असेल असे दोन दिवस बघून करा. सासूबाईंचा फोन आहे तसा राहू द्या, त्यातले पैसे मात्र बाहेर काढा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलाचं आणि दुकानदारांचं, दोघांचंही बोलणं अर्धं अर्धं खरं आहे आणि तुम्ही त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये अडकलाय.

आधी फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये, बहुतेक फोनमध्ये अगदी तळाशी, 'अबाउट फोन' असतं. तिथे अँड्रॉइडचा आकडा दिसेल, तो तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या आसपास, काही फोनमध्ये एक पायरी आत, 'सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर एक तारीख. ती तारीख बघा. ११ की १३ यापेक्षा मला तिची काळजी जास्त आहे. व्हर्जन म्हणजे गणवेशाचा नवा कट समजा. जुन्या कटचा शर्ट घातला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. ती तारीख मात्र उसवलेल्या शिवणीला शेवटचा टाका कधी घातला ते सांगते.

हे टाके कधीपासून सुरू झाले तेही सांगतो, म्हणजे ही नुसती भीती घालणं नाही हे कळेल. २०१५ च्या जुलैत अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली. फोनमध्ये व्हिडिओ चालवणारा जो भाग असतो त्यात ती होती. मुद्दाम बनवलेला एक मेसेज नुसता फोनवर आला तरी पुरे, माणसानं तो उघडायचीही गरज नव्हती. त्या वेळच्या बहुतेक अँड्रॉइड फोनना तिचा धोका होता. त्यानंतर ऑगस्टपासून गूगलनं दर महिन्याला सापडलेल्या त्रुटींची यादी आणि त्यावरची दुरुस्ती जाहीर करायला सुरुवात केली, ते आजतागायत चालू आहे.

आता यातली मेख अशी की ती यादी सगळ्यांना वाचायला खुली असते. दुरुस्ती ज्यांनी घेतली त्यांचं दार बंद झालं. ज्यांनी घेतली नाही त्यांचं दार उघडं आहे, आणि नेमकं कुठलं दार ते आता छापून आलंय. म्हणूनच "इतकी वर्षं काही झालं नाही" या बोलण्यावर मी विसंबत नाही. जुन्या फोनचा धोका जागच्या जागी थांबत नाही, महिन्यागणिक वाढत जातो.

तुमच्या अँड्रॉइड ११ साठी गूगलनं ही दुरुस्ती देणं २०२४ च्या सुरुवातीला थांबवलं. १२ साठी २०२५ च्या मार्चमध्ये थांबवलं. शिवाय बहुतेक कंपन्या एखाद्या मॉडेलला मोठं व्हर्जन दिलं की पुढचे टाके त्या नव्या व्हर्जनवरच घालतात, जुन्यावर राहिलेल्यांसाठी वेगळे काढत नाहीत. म्हणजे तुम्हाला नको होतं ते नवं रूप, पण 'नंतर' दाबताना त्याच्यासोबतची सुरक्षाही मागे राहिली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि फोनवरच्या त्या सूचनेतही ते धडपणे लिहिलेलं नसतं. "नवे इमोजी, नवे रंग" असं काहीतरी मोठ्या अक्षरांत असतं आणि कामाचं वाक्य तळाशी, बारीक. कंपन्यांचा मला या बाबतीत खरोखर राग येतो.

आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं असतं. २०२१ मध्ये ॲपलनं काही महिने आयओएस १४ वरच राहून सुरक्षेचे अपडेट घ्यायची मुभा दिली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती काढून घेतली. त्यामुळे तिथेही "जुनं रूप आणि नवी सुरक्षा" ही सोय कायमची धरून चालता येत नाही.

आता दुसरी बाजू. तुमचा फोन आज अगदीच उघड्यावर आहे असंही नाही. अँड्रॉइड १० पासून आतले काही भाग प्ले स्टोअरमार्फत परस्पर अपडेट होतात. व्हॉट्सअॅप, क्रोम, बँकेची अॅप आपापली नवी होत असतात. प्ले स्टोअरमधला 'प्ले प्रोटेक्ट' नावाचा गूगलचा पहारेकरी जुन्या फोनवरही अॅप तपासत असतो. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे माणसांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा अशा छुप्या त्रुटींतून नाही, फसवून टाकायला लावलेल्या अॅपमधून जातात. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलान म्हणून, पीएम किसानची यादी म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. दाबली की अॅप बसतं, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी तुमच्या आधी तिसऱ्याच्या हातात पडतो. तुमच्याकडे तर अनोळखी नंबरवरून रोज ऑर्डरी येतात. "मॅडम, साइझ लिस्ट पाठवलीय, ओपन करा" असं म्हणून कुणी अशी फाइल पाठवली तर सीझनच्या धावपळीत बोट जाणारच. साइझची यादी फोटो, पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच नाही. हे युनिटमधल्या फोन हाताळणाऱ्या सगळ्याजणींना सांगून ठेवा.

इथे नवं व्हर्जन थोडी मदत करतं. अँड्रॉइड १३ मध्ये असं बाहेरून आलेलं अॅप 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची फार मोठी परवानगी मागायला लागलं तर फोन आधी अडवतो. त्या परवानगीनं अॅपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. चोर त्यातूनही वाट काढतात, पण ११ वर ही आडकाठीच नाही. १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, तोही उपयोगी. बाकी फसवणुकीवर कुठल्याच अपडेटचा उतारा नाही, हे मुलालाही सांगा.

आता दुकानदारांचं बोलणं. "कंपन्या मुद्दाम फोन मारतात" हे हवेतून आलेलं नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला होता. अचानक फोन बंद पडू नये म्हणून तसं केलं, हे त्यांचं कारण. पण ग्राहकाला सांगितलं नव्हतं. पुढे त्यांनी बॅटरी बदलायचे दर उतरवले आणि बॅटरीची तब्येत फोनमध्येच दिसेल अशी सोय केली. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोचा दंड केला, तो जुने फोन मंद करणारे अपडेट गळ्यात मारल्याबद्दलच. तेव्हा दुकानदारांना खोटं पाडायला जाऊ नका. एवढंच, की त्या काही प्रकरणांवरून "कुठलंच अपडेट करू नका" असा नियम निघत नाही.

जाऊबाईंच्या फोनचं काय झालं असेल? मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन आतून सगळी अॅप नव्यानं लावत असतो, फोटोंची यादी पुन्हा बनवत असतो. त्या काळात तो गरम होतो आणि बॅटरी खातो. हे आपोआप थांबतं. थांबलं नसेल तर मला बॅटरीच्याच वयाचा संशय येतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. पत्र्याखालच्या युनिटमध्ये, इस्त्रीच्या टेबलाशेजारी चार्जिंगला लावलेला फोन तीन-चार उन्हाळ्यांत थकतो. थकलेल्या बॅटरीवर अपडेटचं ओझं पडलं की दोष अपडेटला जातो. तिसरं कारण जागेचं. ६४ जीबीच्या फोनमध्ये दोन-तीन जीबीच उरले असतील तर तो अपडेटशिवायही रडतच चालतो. जाऊबाईंना सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर कुठलं अॅप किती खातंय ते बघायला सांगा. एकच अॅप वर चढून बसलं असेल तर ते काढून पुन्हा टाकावं. तसं काही नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदलून घ्यावी. पुष्कळदा तेवढ्यानं फोन पुन्हा उभा राहतो.

तुमच्या भीतीचं खरं मूळ प्रिंटर आहे, असं पत्र वाचताना वाटलं. ते रास्तही आहे. मे महिन्यात दोनशे शर्टांवर साइझचं स्टिकर लावायचंय आणि प्रिंटर सापडत नाही, हा प्रसंग डोळ्यांसमोर आला की कुणीही 'नंतर' दाबेल. म्हणून याच्यावर जरा थांबू.

आत्ता तुमच्या ११ वर प्रिंटर जोडताना लोकेशन चालू करावं लागतं, हो ना? जुन्या अँड्रॉइडमध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला अॅपला लोकेशनची परवानगी लागायची. १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली, 'निअरबाय डिव्हाइसेस' नावाची. अपडेटनंतर "प्रिंटर मेला" म्हणून जे फोन दुकानात येतात, त्यांतल्या कित्येकांत फक्त ही एक परवानगी दिलेली नसते. सेटिंग्जमध्ये अॅप्स, तिथे तुमचं बिलाचं अॅप, त्यात परवानग्या, आणि तिथे 'निअरबाय डिव्हाइसेस'ला होकार. तरीही जुळलं नाही तर ब्लूटूथच्या यादीतून प्रिंटर विसरायला लावा आणि नव्यानं जोडा.

पण अपडेटच्या आधीच एक गोष्ट करा. प्ले स्टोअरमध्ये त्या अॅपचं पान उघडा आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. गेल्या वर्षभरातलं असेल तर काळजी नाही, १३ वर ते चालवूनच बाहेर आलेलं असणार. तीन-चार वर्षांपूर्वीचं असेल तर अॅपवाल्यांना फोन करून स्पष्ट विचारा, "अँड्रॉइड १३ वर तुमचा प्रिंट चालतो का?" आणि ते अॅप प्ले स्टोअरवर नसेलच, प्रिंटर विकणाऱ्यानं फाइल देऊन टाकलेलं असेल, तर ती फाइल जपून ठेवा आणि उन्हाळ्याआधी दुसरं अॅप शोधायला घ्या. बनवणाऱ्यानं सोडून दिलेल्या अॅपवर धंदा उभा असणं हे जुन्या व्हर्जनइतकंच धोक्याचं.

आता तयारी. अपडेट झालं की मागे फिरता येत नाही. बहुतेक फोनमध्ये खालच्या व्हर्जनवर जाण्याचा सरळ रस्ता कंपनीनं बंदच केलेला असतो, आणि आडरस्त्यानं गेलात तर फोन पूर्ण पुसला जातो, वर बँकेची अॅप चालायला नकार देऊ शकतात. म्हणून आधी व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या. तो आता गूगलच्या फुकट १५ जीबीमध्ये मोजला जातो, तेव्हा जागा आहे का ते बघून घ्या. कपड्यांच्या नमुन्यांचे व्हिडिओ बॅकअपमधून वगळले तरी चालतील. बिलाच्या अॅपमधून सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून स्वतःलाच मेल करा. कुणाकडे किती येणं आहे ते वहीतही उतरवून ठेवा, मी जुन्या वळणाचा आहे म्हणून नाही, वही हँग होत नाही म्हणून. स्टिकरचं माप, म्हणजे किती मिलिमीटर रुंद, किती उंच, अक्षर केवढं, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. हा लोक नेहमी विसरतात आणि मग वाकडी स्टिकरं निघाली की अर्धा रोल वाया जातो.

फोनमध्ये दहा-बारा जीबी मोकळे करा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान आहे, तिथे सर्वांत जड व्हिडिओ वरती दिसतात. 'गुड मॉर्निंग' आणि देवदर्शन तिथूनच निघतील. मग चार्जिंग भरपूर असताना, वायफायवर, संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर अपडेट लावा. ११ वरून जाताना एकामागून एक दोन-तीन अपडेट येऊ शकतात. एक झालं की पुन्हा 'चेक फॉर अपडेट' दाबा, "तुमचा फोन अद्ययावत आहे" असं येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दहा स्टिकरं छापा, एक रुपयाचा यूपीआय व्यवहार करा, एक बिल पाठवा. फोन मंद वाटला तर तीन-चार दिवस दम धरा.

मुलाच्या "आजच कर"ला माझा विरोध एवढ्याचसाठी. घाई करण्यासारखं आहे ते दर महिन्याच्या छोट्या सुरक्षा अपडेटमध्ये, ते आलं की घ्यावं. अगदी ताजं मोठं व्हर्जन आलं की मात्र दोन-तीन आठवडे थांबण्यात शहाणपण असतं. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलनं आयओएस ८.०.१ सोडलं आणि नव्या आयफोन ६ वाल्यांचं नेटवर्कच गेलं. तासाभरात ते मागे घ्यावं लागलं. पण तुमच्यापुढचं १३ हे २०२२ चं आहे. त्याच्या खोडी केव्हाच निघून गेल्यात. थांबायचं कारण फक्त तुमचा सीझन.

अपडेट झालं की पुन्हा त्या तारखेकडे या. ती सहा महिन्यांच्या आतली असेल तर निर्धास्त राहा. वर्षभरापर्यंत जुनी असेल तर जपून वापरा. त्याहून मागची असेल, आणि २०२१ च्या फोनला ती असण्याची शक्यता बरीच आहे, तर कंपनीनं या फोनवरचं काम थांबवलंय असं समजा. हे माझं स्वतःचं मोजमाप आहे, कुठल्या सरकारी नियमातलं नाही. तसं निघालं तर या सीझनपुरतं असं करा: यूपीआयला मुख्य खातं जोडलेलं असेल तर ते काढा आणि एक वेगळं बचत खातं उघडून ते जोडा. शाळांचे, दुकानदारांचे पैसे त्यात येऊ द्यात आणि दर दोन-चार दिवसांनी मुख्य खात्यात वळवा. ते वळवायचं काम घरातल्या दुसऱ्या, नव्या फोनवरून किंवा बँकेत जाऊन करा. काही वाईट झालंच तर जाईल ते त्या छोट्या खात्यातलं. कापडाचं उधार आणि बायकांचा पगार शाबूत राहील.

आता सासूबाई.

त्यांचा फोन काढून घेऊ नका. भजनं, भाऊबंदांचे फोटो, विडी घरकुल वसाहतीतल्या जुन्या मैत्रिणींचे आवाज, हे सगळं त्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सअॅप ९ पेक्षा जुन्या अँड्रॉइडवरही चालतं, त्यामुळे त्यांच्या फोनवर ते चालत राहील. जुन्या व्हर्जनवर राहण्यात त्यांचं काहीच बिघडत नाही, फक्त त्याच फोनमध्ये पेन्शनचं खातं नको. क्रोमनंसुद्धा २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ चा हात सोडला, म्हणजे त्यांचं क्रोम आता कायमचं तिथेच थांबलंय. त्यावरून बँकेची किंवा कुठलीच पैशाची साइट उघडायची नाही.

यूपीआय काढताना अॅप नुसतं पुसू नका. आधी अॅपच्या आत जाऊन बँक खातं काढा, यूपीआय आयडी बंद करा, मग अॅप पुसा. पेन्शन खात्यात यायला यूपीआय लागत नाही, ती येतच राहील. एक गोष्ट मात्र उरते. बँकेला दिलेला नंबर त्याच फोनमध्ये असेल तर ओटीपीचे एसएमएस तिथेच येणार. म्हणून सेटिंग्जमध्ये अॅपच्या परवानग्यांत जाऊन एसएमएसची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. मेसेजचं आणि फोनचं मूळ अॅप सोडून बाकी सगळ्यांची काढा. त्यात ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर ते अॅपच काढून टाका. सेटिंग्जमध्ये बाहेरची अॅप टाकायची परवानगी असते, तीही व्हॉट्सअॅप आणि क्रोमसाठी बंद करा. मग चुकून बोट लागलं तरी अॅप बसणार नाही.

आणि हे त्यांना न सांगता, पाठीमागे करू नका. शेजारी बसून सांगा, त्यांच्या भाषेत सांगा. आयुष्यभर हजार-हजार विड्यांचा हिशेब ठेवलेल्या बाईला पैशाची गोष्ट समजत नाही असं धरून चालू नये. "पासबुक भरायला मी तुमच्याबरोबर येईन" एवढं म्हणालात तर त्यांचाच जीव हलका होईल.

पाचशे रुपयांत नवं व्हर्जन मारून देण्याला मात्र साफ नाही म्हणा. असं करता येतं, जुन्या फोनसाठी लिनिएजओएससारख्या प्रणाली आहेत, आणि ज्यांना त्यातलं कळतं ते हौसेनं वापरतात. पण त्यासाठी कंपनीनं फोनच्या आत घातलेलं कुलूप (पडद्याचं नाही, 'बूटलोडर'चं) उघडावं लागतं, त्यात आतलं सगळं पुसलं जातं. सासूबाईंचे फोटो आणि मेसेज आधी बाहेर काढले नाहीत तर गेलेच. दुकानातल्या पोरानं नेमकं काय भरलं, त्यात आणखी काय आलं, हे तुम्हाला-मला बघून कळणार नाही. व्हिडिओ बघायच्या फोनला एकवेळ ठीक. माणसाच्या नावाचं सिम ज्यात आहे त्या फोनला नको.

तुमच्या खात्यात किंवा त्यांच्या खात्यात न केलेला व्यवहार कधी दिसला, तर वाट न बघता १९३० ला फोन लावा आणि लगेच बँकेला कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता असते. हा नंबर युनिटच्या भिंतीवर, मापांच्या तक्त्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

जूनमध्ये शाळा भरल्या, येणं वसूल झालं, की जुलैत नव्या फोनचा विचार करा. तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सल हे शेवटी विचारा. आधी विचारा, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं आणि कधीपासून मोजून. पुष्कळ कंपन्या ती वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. दोन वर्षांपूर्वी आलेलं मॉडेल सवलतीत मिळालं तर त्याची दोन वर्षं आधीच गेलेली असतात. गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय, पण ते महागडे फोन. तुमच्या बजेटमध्ये चार वर्षं लेखी मिळत असतील तर चांगला सौदा. विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं नाव घालून बघा, नाहीतर मुलाला बघायला लावा.

आणि आत्ताचा फोन विकू नका. हजार-दीड हजार येतील, त्यापेक्षा तो युनिटमध्ये प्रिंटरपाशी ठेवा. सिम काढा, बँकेची आणि यूपीआयची अॅप काढा, तुमचं मुख्य गूगल खातं काढून टाका, वायफाय बंद ठेवा. बिलाच्या अॅपला अधूनमधून इंटरनेट लागत असेल तर तेवढ्यापुरतंच चालू करा. जुन्या व्हर्जनवर राहायला मी त्या फोनला कधीच आडकाठी करणार नाही, स्टिकरं छापण्यापुरतं अँड्रॉइड १३ त्याला पुष्कळ झालं.